पाकिस्तान आणि अफगाणिस्तान नक्की कशावरून भांडतायत? (प्लीज पानिपतपासून सुरू करू नका)

चिंचपोकळी_स्लो:

मंडळी, बरेच दिवस नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमच्या काकांचं वाशी मार्केटला सुक्या मेव्याचं दुकान आहे. अंजीर, जर्दाळू, हिंग, शहाजिरं, बराचसा माल काबूल-कंदाहारकडचा. मागच्या ऑक्टोबरात, म्हंजे २०२५ च्या, तिकडे तोफा-ड्रोन सुरू झाले आणि तोरखम आणि चमन ही दोन्ही नाकी बंद पडली, तेव्हापासून काका गल्ल्यावर बसून दिवसभर मोबाईलवर बातम्या बघतात आणि मी दिसलो की एकच प्रश्न, "अरे तू शिकलेला ना, मग सांग बघू हे दोघं कशावरून भांडतायत". मी बीकॉम झालोय, इतिहास दहावीला सोडला तो सोडलाच.

मला न कळणाऱ्या गोष्टी अशा की तालिबानला पाकिस्ताननेच पोसलं, मोठं केलं, २०२१ ला ते काबूलमध्ये परत आले तेव्हा इस्लामाबादला पेढे वाटायचेच बाकी होते, मग चार वर्षांत एकमेकांच्या चौक्या उडवायची वेळ कशी आली? दोन्हीकडे मुसलमान, दोन्हीकडे सुन्नी, सीमेच्या दोन्ही बाजूला पठाणच. फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय की इंग्रजांनी १८९३ ला १०० वर्षांचा करार केला होता तो १९९३ ला संपला म्हणून पेशावर आता अफगाणिस्तानचं, हाँगकाँगसारखं. हे खरंय का? की सगळं आत्ताचं राजकारण आहे आणि इतिहास नुसता तोंडी लावायला?

---

भालाफेक_९६कुळी:

पानिपतचे शाप आहेत भाऊ. अब्दालीची अवलाद आपसात लढून मरतेय. नियती हिशोब चुकता करते.

---

निवृत्त_मास्तर:

भालाफेक, धागाकर्त्याने शीर्षकातच हात जोडलेत तरी तुम्ही पहिल्याच प्रतिसादात पानिपतावर पोचलात, कमाल आहे. बरं पानिपताचाच हिशोब करायचा तर आज जे दोघं भांडतायत त्यांचे खापरपणजोबा तेव्हा एकाच छावणीत होते, मग त्यावरून आजचं भांडण कसं समजणार?

चिंचपोकळी, नातू झोपलाय तेवढ्यात लिहितो, लांबण लागेल.

भांडणारे दोघं दिसले की मी आधी एक बघतो, ह्यांचं कॅलेंडर कुठल्या सालापासून सुरू होतं. काबूलचा माणूस १७४७ म्हणेल, त्या वर्षी कंदाहारला अहमदशाह अब्दालीला बादशाह केलं आणि पुढे पेशावर, काश्मीर, पंजाब, सिंध सगळीकडे त्याचा अंमल होता, पेशावर तर दुराणी बादशहांची हिवाळ्यातली राजधानी. इस्लामाबादचा अधिकारी १९४७ म्हणेल, फार ताणलंत तर १८९३ चा कागद काढेल. टीव्हीवरचा अँकर ऑगस्ट २०२१ च्या मागे जात नाही. आणि आपल्याकडे १७६१, ते तर वर दिसलंच. खोटं कोणीच बोलत नाही, जिथून आपली बाजू गोरी दिसते तिथून गोष्ट सुरू करतात, एवढंच.

आता तुमचा फॉरवर्ड. साफ खोटा. १२ नोव्हेंबर १८९३ ला काबूलमध्ये अमीर अब्दुर रहमान खान आणि हिंदुस्थान सरकारचा परराष्ट्र सचिव मॉर्टिमर ड्युरँड यांच्यात दोघांच्या मुलखांमधली रेषा ठरवणारा जो करार झाला तो जेमतेम सात कलमांचा आहे आणि त्यात १०० वर्षं सोडा, कसलीच मुदत नाही. हाँगकाँगची गोष्ट कोणीतरी उचलून इथे चिकटवलीय. पण त्या सात कलमांत गंमत आहे. एक कलम म्हणतं की रेषेच्या पलीकडे हिंदुस्थान सरकार ढवळाढवळ करणार नाही आणि अलीकडे अमीर करणार नाही. ढवळाढवळ! इथे तुझा देश संपला आणि माझा सुरू झाला असं सरळ लिहिलेलं नाही. अफगाण आज हेच धरून बसलेत, की ही कोण कुठे लुडबूड करेल त्याची रेषा होती, हद्द नव्हे. शेवटचं कलम पैशाचं. अमीरला वर्षाला १२ लाख रुपये मिळायचे ते १८ लाख झाले, वर शस्त्रं विकत घेऊन आणायला हरकत नाही असंही मिळालं. म्हणजे जबरदस्तीही होती आणि व्यवहारही होता. अफगाण जबरदस्तीचं बोलतात, पाकिस्तानी व्यवहाराचं.

इंग्रजांना ही रेषा हवी कशाला होती? रशिया. मध्य आशिया गिळत गिळत रशियन १८८५ ला पंजदेहपर्यंत आले होते. आणि अफगाणिस्तान थेट ताब्यात ठेवायचं तर त्याची किंमत इंग्रजांनी मोजलेली होती. जानेवारी १८४२ ला काबूलहून सोळाएक हजार माणसं निघाली, त्यातले बरेचसे आपले हिंदी शिपाई आणि त्यांचे नोकरचाकर, बायकापोरं, आणि आठवड्याभरानं जलालाबादच्या वेशीवर घोड्यावरून एक डॉक्टर पोचला, ब्रायडन नावाचा. मागून काही थोडे आले, काही कैदेत राहिले, बाकी बर्फात आणि खिंडीत संपले. तेव्हा सायबानं ठरवलं की राज्य नको, मध्ये गादी घालू. अफगाणिस्तान म्हणजे ती गादी, आणि गादीची अलीकडची शिवण म्हणजे ड्युरँड रेषा, आजची पाक-अफगाण सीमा तीच. वर ईशान्येला ती चिंचोळी पट्टी दिसते ना नकाशात, वाखान, ती १८९५ ला रशियाशी बोलून अशीच ठेवली, का तर दोन साम्राज्यांच्या हद्दी एकमेकींना लागू नयेत. नकाशा उघडून ती पट्टी बघाच एकदा, कुठलाही नैसर्गिक देश असा नसतो.

प्रॉब्लेम असा की शिवण गेली ती माणसांच्या अंगावरून. मोहमंद टोळीवाले अर्धे इकडे अर्धे तिकडे, वझीर टोळीवाले तसेच. अमीरानं तेव्हाच व्हाइसरॉयला कळवलं होतं की ह्या टोळ्या माझ्यापासून तोडल्यात तर त्या तुमच्याही कामाच्या राहणार नाहीत आणि माझ्याही. तसंच झालं. १८९७ ला अख्खी सरहद्द पेटली, सारागढीची लढाई त्यातलीच. मग इंग्रजांनी १९०१ ला सरहद्दीसाठी वेगळाच कायदा केला, एकानं गुन्हा केला की अख्ख्या टोळीला दंड, अपील नाही की वकील नाही. पाकिस्तान झाल्यावर तो रद्द झाला असेल असं वाटतं ना? २०१८ पर्यंत चालू होता. स्वतंत्र देशाचे नागरिक ७० वर्षं इंग्रजांच्या टोळी-कायद्याखाली. टीटीपीला, म्हणजे पाकिस्तानी सरकारशी लढणाऱ्या पाकिस्तानी तालिबानला, पोरं कुठून मिळतात ह्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

नातू उठला. उरलेलं रात्री.

---

कुलाबा_डेपो:

मास्तरांनी १८४२ काढलं म्हणून. मुंबईकरांनो, नेव्ही नगरच्या बसचा अफगाण चर्च स्टॉप माहितीये ना, ते चर्च ह्याच लढाईत मेलेल्यांच्या आठवणीसाठी बांधलंय. मी लहानपणापासून त्या स्टॉपला उतरते आणि कॉलेजात जाईपर्यंत समजत होते की तिथे अफगाणी ख्रिश्चन येत असतील 😀 आत भिंतीवर नावं आहेत ती सायबांचीच, मेलेले बहुतेक आपले.

---

फुटबॉलवेडा_गडहिंग्लज:

हा ड्युरँड म्हंजे ड्युरँड कपवाला का?? आम्ही इथे फुटबॉलसाठी जीव टाकतो आणि हे आज कळतंय.

---

निवृत्त_मास्तर:

तोच. १८८८ ला सिमल्याला त्यानंच कप सुरू केला, पाच वर्षांनी रेषा मारली. कपाचं बरं चाललंय. जन्म भोपाळजवळ सिहोरचा. आणि त्याचा बाप हेन्री मॅरियन ड्युरँड १८५७ ला इंदूरला रेसिडेन्सीत होता, तिथून पळावं लागलं त्याचा राग त्यानं तुकोजीराव होळकरांवर जन्मभर काढला. हाच बाप पुढे पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला आणि सरहद्दीवर टांक गावात हत्तीवरून वेशीत शिरताना वर कमान लागून जखमी झाला आणि दगावला, १ जानेवारी १८७१. बाप त्या मुलखात गेला आणि लेकानं तोच मुलूख कापला. ह्याचा आजच्या राजकारणाशी काडीचा संबंध नाही, राहवलं नाही म्हणून लिहिलं.

---

शारजा_रिटर्न:

मास्तर लय भारी. मी काय इतिहासवाला नाय, अकरा वर्षं शारजाला ट्रेलरवर काढली, आमच्या यार्डात निम्मे पठाण. एक जण माझ्या रूममध्ये चार वर्षं होता, चमनचा, पासपोर्ट पाकिस्तानी. मी एकदा त्याला विचारलं की बाबा तू पाकिस्तानी का अफगाणी, तर हसला आणि म्हणाला "भाई हमारा हुजरा इधर है और बाग़ उधर". हुजरा म्हंजे त्यांची बैठकीची खोली, पाहुणे तिथेच बसणार उठणार झोपणार. घर चमनला आणि चुलत्याची डाळिंबाची बाग स्पिन बोल्दकच्या बाजूला, रोज सकाळी बाप ओळखपत्र दाखवून पलीकडे जायचा आणि संध्याकाळी परत, आपण कणकवलीहून कुडाळला जाऊन यावं तसं.

मग ते कुंपण आलं, २०१७ पासून लावायला घेतलं, दुहेरी जाळी आणि वर काटेरी तार, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात पाकिस्ताननं नियम काढला की आता पासपोर्ट-व्हिसा असेल तरच सोडणार. त्याचा बाप सत्तरीचा, त्याला म्हणतायत बागेत जायचं तर व्हिसा आण. चमनच्या लोकांनी रस्त्यावर तंबू ठोकले, महिनोन्‌महिने धरणं चाललं. हा इकडे रात्री ड्युटीवरून आला की व्हिडिओ कॉलवर त्या तंबूतल्या लोकांशी बोलायचा. मला भाषा कळायची नाही पण बाप फोन असा फिरवून कुंपण दाखवायचा, ते मी बघितलंय. पुस्तकातली रेषा मला म्हाईत नाय, मला ते कुंपण म्हाईत आहे.

आणि एक सांगतो, तो तालिबानला शिव्या द्यायचा आणि पाकिस्तानच्या आर्मीला पण द्यायचा, सारख्याच.

---

ताळेबंद:

वाचायला छान आहे सगळं पण मी जरा विरुद्ध बाजूने बोलतो. इतिहासाचं एक बरं असतं, घटना घडून गेली की मागे जाऊन कारण सापडतंच, काहीही घडलं असतं तरी सापडलं असतं. उद्या हे दोघं गळ्यात गळे घालून फिरले तर हेच मास्तर म्हणतील बघा, शतकानुशतकांचं नातं. रेषा १३० वर्षं तिथेच आहे, मग भांडण आत्ताच का? १९८० च्या दशकात तीसेक लाख अफगाण निर्वासित पाकिस्ताननं ठेवून घेतले तेव्हा कुठे गेली होती रेषा? पाकिस्तानातल्या पठाणांचं म्हणाल तर गुलाम इशाक खान राष्ट्राध्यक्ष झाला, फौजेत जनरल आहेत, कराचीत लाखोंनी राहतात, ट्रकचा धंदा बराचसा त्यांच्या हातात. पाकिस्तान मोडून अफगाणिस्तानात जायला त्यातले किती तयार होतील? कोण सोडेल कराचीतलं दुकान?

माझ्या मते आत्ताचं कारण आत्ताचंच आहे आणि ते टीटीपी. डिसेंबर २००७ ला स्थापना, १६ डिसेंबर २०१४ ला पेशावरच्या शाळेत १३० च्या वर मुलं मारली, आणि काबूल तालिबानच्या हातात गेल्यापासून ह्यांना पलीकडे आसरा मिळतो म्हणून पाकिस्तान बोंबलतंय. एवढ्यावर सगळं समजतं. ड्युरँडसाहेबांना झोपू द्या.

---

चिंचपोकळी_स्लो:

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद. कुंपणाचं वाचून काकांना दाखवलं, ते बराच वेळ गप्प होते.

पण ताळेबंद म्हणतायत ते मलाही पटतंय. आणि अजून एक, तालिबान तर धर्मवाले ना? त्यांना देश-सीमा-पठाण वगैरेचं काय? ते रेषेवरून कशाला अडून बसलेत, ते तर रेषा नको उम्मा हवी, म्हणजे सगळे मुसलमान एकच, म्हणणारे.

---

निवृत्त_मास्तर:

आलो. ताळेबंद, तुमचं निम्मं मान्य. आमच्याकडे शाळेत कारण आणि निमित्त वेगळं शिकवायचो, टीटीपी हे निमित्त आहे ह्यात वादच नाही. पण टीटीपी आली कुठून, हे विचारलंत की तुम्हालाही मागे यावं लागेल, आणि तिथे उत्तर रेषेपाशीच सापडतं. जरा बघा.

१९४७. सरहद्द प्रांतात जुलैमध्ये सार्वमत घेतलं, पर्याय दोनच, भारत किंवा पाकिस्तान. वेगळं व्हायचा नाही, अफगाणिस्तानात जायचा नाही. खान अब्दुल गफार खानांच्या लोकांनी बहिष्कार टाकला. २,८९,२४४ मतं पाकिस्तानला, २,८७४ भारताला. पाकिस्तान म्हणतो निकाल बघा. काबूल म्हणतो प्रश्नपत्रिका बघा. ३० सप्टेंबरला संयुक्त राष्ट्रांत पाकिस्तानला सदस्य करून घ्यायचा ठराव आला तेव्हा विरोधात मत देणारा जगातला एकमेव देश कोण, तर अफगाणिस्तान. भारत नव्हे! पुढच्याच महिन्यात त्यांनी तो विरोध मागे घेतला, पण नव्या बाळाच्या बारशालाच शेजाऱ्यानं तोंड वाकडं केलं ते केलंच. १९४९ ला पाकिस्तानी विमानांनी सीमेवरच्या गावावर बॉम्ब टाकले, त्यावर काबूलमध्ये लोया जिरगा, म्हणजे टोळीप्रमुखांची मोठी सभा, भरली आणि इंग्रजांबरोबरचे सगळे जुने करार आम्हाला लागू नाहीत असं जाहीर केलं. विमानं, बॉम्ब, मग काबूलचा संताप, ओळखीचं वाटतंय ना? तेव्हा टीटीपी नव्हती, तालिबान नव्हते, काबूलच्या गादीवर दाढी केलेला, फ्रेंच शिकलेला राजा होता.

चिंचपोकळी, हे खास तुमच्या काकांसाठी. १९६१ ला काबूलमध्ये दाऊद पंतप्रधान होता, पश्तुनिस्तान, म्हणजे पठाणांचा वेगळा मुलूख, झालंच पाहिजे म्हणणारा. भांडण इतकं वाढलं की सप्टेंबरात दोन्ही देशांनी संबंध तोडले आणि सीमा बंद. सप्टेंबर म्हणजे द्राक्षं-डाळिंबाचा ऐन हंगाम. माल नाक्यावर सडायला लागला, शेवटी रशियानं विमानं पाठवून फळं उचलली. काबूल रशियाच्या कुशीत जास्त जास्त शिरलं त्यात ह्या सडलेल्या फळांचा वाटा आहे, आणि पुढे १९७९ ला रशियन फौजच आत आली ते आपण जाणतोच. २०२५ ला परत तेच, अफगाण फळांचे ट्रक अडकले, आणि पलीकडे पाकिस्तानात टोमॅटो किलोला ६०० रुपयांपर्यंत गेला, त्यांचे रुपये, तरी ६०० म्हणजे काय.

आता ताळेबंदांचा प्रश्न, आत्ताच का आणि १९८० ला का नाही. १९७१ ला बंगाल गेला. भाषा-संस्कृतीच्या नावावर अर्धा देश तुटलेला पाहिलेल्या फौजेला सगळ्यात जास्त भीती कशाची असेल? दुसऱ्या बांगलादेशाची. आणि १९७३ ला काबूलमध्ये तोच पश्तुनिस्तानवाला दाऊद राजाला हाकलून स्वतः गादीवर बसला. मग पाकिस्तानच्या भुट्टोनं काय केलं, काबूलमधून पळून आलेल्या कट्टर धार्मिक पोरांना आसरा दिला, ट्रेनिंग दिलं, पुढे रशियाशी लढून गाजलेला हेकमतयार त्यातला, मसूदसुद्धा त्यातला, १९७५ ला त्यांच्याकडून पंजशीरमध्ये उठाव करवला, तो फसला. रशियन फौज यायच्या चार वर्षं आधीची गोष्ट आहे ही, लोक समजतात अमेरिकेच्या पैशानं सगळं सुरू झालं. पाकिस्तानचा हिशोब सरळ होता, पठाणाला पठाण म्हणून विचार करू द्यायचा नाही, मुसलमान म्हणून करू द्यायचा, म्हणजे तो रेषेचं विचारणार नाही. निर्वासित ठेवून घेतले ते ह्याच हिशोबात बसत होतं, छावण्यांत मदरसे निघाले, त्यातून पुढे तालिबान. १९९६ ला त्यांचं सरकार आलं तेव्हा जगात तिघांनीच मान्यता दिली, सौदी, अमिरात आणि पाकिस्तान. म्हणजे ज्यांचं सगळं पाकिस्तानवर चालायचं त्यांचं सरकार. आणि त्यांना सांगितलं की आता रेषा मान्य करा, तर तेही नाही म्हणाले!

इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. काबूलच्या गादीवर राजा बसो, कम्युनिस्ट बसो, मुल्ला बसो, ह्या एका गोष्टीवर उत्तर बदलत नाही, कारण जो 'हो' म्हणेल त्याला दुसऱ्या दिवशी कंदाहारच्या बाजारात तोंड दाखवता येणार नाही. उम्मा तोंडी आहे, रेषा घरात आहे. डिसेंबर २०२१ ला, सत्ता येऊन चार महिने नाही झाले, नंगरहारला तालिबानचे लोक पाकिस्तानी कुंपण उपटत होते, व्हिडिओ असतील अजून. आणि गेल्या ऑक्टोबरात १९ तारखेला दोहाला युद्धबंदी झाली तेव्हाचं तर फारच बोलकं आहे. कतारनं निवेदन काढलं की दोन बंधुदेशांच्या सीमेवरचा तणाव संपेल वगैरे. अफगाण बाजूनं 'सीमा' ह्या शब्दालाच हरकत घेतली आणि कतारनं निवेदन बदलून तो शब्द काढला. माणसं मरतायत, युद्ध थांबवायला बसलेत, आणि अडलंय एका शब्दापाशी. ज्याला १८९३ माहीत नाही त्याला हे येडेपणाचं वाटेल. मला नाही वाटत.

तर टीटीपी ही त्याच धोरणाची पोरं आहेत, रेषा विसरावी म्हणून जे पेरलं ते रेषेच्या दोन्ही बाजूला उगवलं. ताळेबंद, कराचीतलं दुकान कोणी सोडणार नाही हे तुमचं एकदम बरोबर, पश्तुनिस्तान आता कोणाला खरंच हवंय असं मलाही वाटत नाही. पण भीती आणि अभिमान ह्या दोन गोष्टींना खरं असावं लागत नाही.

---

ताळेबंद:

मास्तर ते कतारचं माहीत नव्हतं. ठीक आहे, एक पाऊल मागे. तरी माझा मुद्दा राहतोच, इतिहास तुम्हाला हे सांगतो की काबूल हो म्हणणार नाही, पण तोफा मंगळवारी सुटणार की शुक्रवारी हे नाही सांगत. ते इस्लामाबाद आणि कंदाहारमध्ये बसलेल्या दहा-बारा लोकांच्या डोक्यात असतं. आणि त्याच आठवड्यात त्यांचा परराष्ट्रमंत्री मुत्ताकी दिल्लीत आपला पाहुणचार घेत होता, ते रावळपिंडीच्या फौजी मुख्यालयाला झोंबलं असणार, ह्यात १८९३ कुठे?

---

निवृत्त_मास्तर:

ह्यात १८९३ नाही, १९४७ आहे :) शत्रूचा शत्रू. दिल्लीनं काबूलच्या राजाशीही जमवलं, कम्युनिस्टांशीही जमवलं, आता मुल्लांशी जमवतेय. पण मंगळवार-शुक्रवारचं मान्य, ते कोणाला सांगता आलं असतं तर मी पेन्शनवर कशाला जगलो असतो.

---

कुलाबा_डेपो:

गफार खानांचं नाव आलं म्हणून, माझ्या आजीच्या तोंडी कायम सरहद्द गांधी. ते जानेवारी १९८८ ला पेशावरला गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे पुरलं कुठे, तर जलालाबादला, रेषेच्या पलीकडे. तिकडे रशियाशी लढाई चालू होती, तरी अंत्ययात्रेसाठी ती थोडी थांबली आणि हजारो लोक खैबर खिंडीतून विनापासपोर्ट त्यांच्यामागे पलीकडे गेले. तिथेही बॉम्ब फुटले आणि माणसं मेली, पण आजी ते कधी सांगायची नाही, ती फक्त खिंडीचं सांगायची.

---

भालाफेक_९६कुळी:

मास्तर वाचलं सगळं. नियतीचं मागे घेतो. पण अटकेपार झेंडे लावले ते तरी खरं ना?

---

निवृत्त_मास्तर:

१७५८, खरं. आणि अटक आजही खैबर पख्तुनख्वाच्या वेशीवरच आहे, सिंधूच्या काठी. अब्दालीच्या मुलाला पंजाबातून हाकललं आपल्या लोकांनी. म्हणजे ह्या मुलखावर हक्क सांगायची यादी काढायला बसलो तर काबूल, लाहोरचे शीख, इंग्रज, पाकिस्तान आणि वर थोडे दिवस आपणही. रणजितसिंहांच्या लोकांनी १८३४ ला पेशावर घेतलं नसतं तर ते इंग्रजांकडे आणि पुढे पाकिस्तानकडे असं गेलंच नसतं कदाचित, पण ह्या 'नसतं तर'ला अंत नाही, झोपा आता.

---

शारजा_रिटर्न:

त्या रूममेटला आज मेसेज टाकला, मास्तरांचं थोडं हिंदीत करून. म्हणाला बाप आता बागेत जात नाय, चुलता फोटो पाठवतो झाडांचे. ह्या वर्षी डाळिंब चांगलं आलं होतं म्हणे, उचलायला गाडी नव्हती.

---

चिंचपोकळी_स्लो:

काकांना सगळा धागा मोठ्यानं वाचून दाखवला, दुकानात गिऱ्हाईक नव्हतंच. कतारच्या शब्दावर हसले. १९६१ च्या फळांपाशी मला थांबवलं, म्हणाले परत वाच. मग विचारलं, तेव्हा नाकी किती दिवस बंद होती?

---

निवृत्त_मास्तर:

दिवस नाही हो. दाऊद मार्च १९६३ ला पायउतार झाला, इराणच्या शहानं मध्यस्थी केली, तेव्हा कुठे उघडली.

---

चिंचपोकळी_स्लो:

सांगितलं. त्यांनी पाटीवरचा अंजिराचा भाव पुसला आणि नवीन लिहायला घेतला.